दाखवा बघू, पंप कसा घेता?

रात्री अडीचला कॅज्युअल्टीत दम्याचा पेशंट येतो, तेव्हा मुरलेली सिस्टर आधी मशीनकडे धावत नाही. खाटेजवळ वाकून विचारते, "मावशी, नाव काय तुमचं? कुठल्या गावच्या?" केस पेपर भरायला तिला ही माहिती लागतेच, पण त्या क्षणी तिला नावाशी घेणं नसतं. उत्तर कसं येतं याकडे तिचा कान असतो. एका दमात पूर्ण वाक्य आलं, तर हाताशी थोडा वेळ आहे. "माझं... नाव..." एवढ्यावर वाक्य तुटलं आणि मध्येच श्वास घ्यावा लागला, तर अटॅक गंभीर आहे. मावशींनी नुसती मान हलवली, तर सिस्टर वळूनसुद्धा न बघता डॉक्टरांना हाक मारते.

त्या दहा सेकंदांत तिच्या डोळ्यांनी बरंच टिपलेलं असतं. पेशंट आडवा होऊ शकत नाही. पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर किंवा खाटेच्या कठड्यावर टेकून बसलाय. मानेचे स्नायू दोरासारखे ताणलेत. गळ्याखालची खळी प्रत्येक श्वासाला आत ओढली जातेय. कपाळावर घाम आहे. मग ती घड्याळ समोर धरून श्वास मोजते. मिनिटाला ३० च्या वर श्वास किंवा १२० च्या वर नाडी म्हणजे अटॅक तीव्र. बोटाला ऑक्सिमीटर लावण्याआधी ती नखं बघते, कारण गडद नेलपॉलिश असेल तर आकडा फसवतो. सावळ्या त्वचेवर हे यंत्र रक्तातला ऑक्सिजन आहे त्यापेक्षा किंचित जास्त दाखवू शकतं, हेही तिला ठाऊक असायला हवं. आपल्याकडच्या पेशंटच्या बाबतीत ही बारीक गोष्ट नाही.

दम्यात नेमकं काय अडतं, याविषयी लोकांच्या मनात एक उलटा समज आहे. पेशंट म्हणतो, "श्वास आत जात नाहीये." खरं दुखणं वेगळं असतं. आधीचा श्वास बाहेर पडलेला नसतो. श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळलेले, आतलं अस्तर सुजलेलं, त्यात चिकट कफाच्या गुठळ्या. हवा आत शिरते आणि अडकून बसते. लोहाराचा भाता फुगलेल्या अवस्थेतच अडकावा, तशी छाती होते. भरलेल्या छातीत आणखी हवा भरायची धडपड म्हणजे दम्याचा अटॅक. म्हणूनच दमलेल्या पेशंटला "मोठा श्वास घ्या" असं सांगून काही उपयोग होत नाही. चांगली सिस्टर म्हणते, "फुंकर मारल्यासारखा हळूहळू सोडा."

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. ती मी आजही प्रत्येक नव्या बॅचला सांगते. नाइट ड्यूटी होती. पस्तिशीतला एक माणूस तासभर धापा टाकत होता, त्याच्या छातीतली शिट्टी खाटेपासून चार हातांवर ऐकू येत होती. पहाटे ती शिट्टी थांबली. मला वाटलं, औषध लागू पडलं, आता जरा झोपेल. मी दुसऱ्या खाटेकडे गेले. शेजारच्या वॉर्डातून आलेल्या एका वयस्क सिस्टरने त्याच्या तोंडाकडे नुसतं पाहिलं आणि ओरडून क्रॅश ट्रॉली मागवली. शिट्टी वाजायला हवा तरी हलावी लागते. त्याच्या छातीत आता तेवढीही हवा हलत नव्हती. तो वाचला, त्याला कारण त्या सिस्टर. दम्यात आवाज वाढला तर काळजी करायची. आवाज नाहीसा झाला आणि माणूस अजून दमलेलाच असला, तर त्याहून जास्त करायची. पुस्तकात याला शांत छाती म्हणतात.

रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचंही असंच. अटॅकच्या सुरुवातीला पेशंट भराभर श्वास घेतो, त्यामुळे हा वायू नेहमीपेक्षा कमी होतो. नेहमीची पातळी ३५ ते ४५. झगडणाऱ्या पेशंटच्या रिपोर्टमध्ये ४० आलं, तर कागदावर ते नॉर्मल दिसतं. प्रत्यक्षात स्नायू थकत चालले आहेत याची ती खूण असते. रिपोर्ट आधी सिस्टरच्या हातात पडतो. ती तो फाइलला लावून पुढे गेली की डॉक्टरांना ताबडतोब फोन केला, यावर पुष्कळ काही ठरतं. आणखी एक प्रसंग दर आठवड्याला येतो. तळमळणाऱ्या पेशंटचे नातेवाईक हात जोडून म्हणतात, "सिस्टर, जरा झोपेचं इंजेक्शन द्या हो, बघवत नाही." ती तळमळ हवेच्या टंचाईची असते. झोपेच्या औषधाने उरलासुरला श्वासही मंदावू शकतो. अशा वेळी नातेवाइकांना बाजूला घेऊन दोन वाक्यांत हे समजावणं हाही उपचारच.

बाकी उपचारांचा क्रम आता जगभर साधारण सारखाच आहे. ऑक्सिजन द्यायचा, पण ऑक्सिमीटरवरचा आकडा ९३ ते ९५ च्या दरम्यान राहील एवढाच. नेब्युलायझरमधून साल्ब्युटामॉल, पहिल्या तासात दर वीस मिनिटांनी, सोबत इप्राट्रोपियम. स्टिरॉइड पहिल्या तासातच, कारण त्याचा गुण यायला काही तास लागतात. उशीर झाला तर तो पेशंटच्या वाट्याला येतो. एवढ्यानेही भागलं नाही, तर शिरेतून दोन ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, वीस मिनिटांत. या सगळ्यात सिस्टरचं लक्ष सतत मागेपुढे फिरत असतं. साल्ब्युटामॉलने हात थरथरतात, छाती धडधडते, रक्तातलं पोटॅशियम उतरतं. मॅग्नेशियम चालू असताना रक्तदाब खाली येतो. आणि नेब्युलायझरची वाफ मास्कच्या फटीतून डोळ्यांत चाललीय की तोंडात, हे बघायला लागतं ते साधं माणसाचं लक्ष.

ती रात्र निभावली, की पहाटे पेशंटला झोप लागते. माझ्या मते तीव्र दम्यातलं परिचारिकेचं खरं काम त्यानंतर सुरू होतं.

सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत मराठवाड्यातून आलेल्या अशाच एक मावशी होत्या. वय बावन्न. वर्षभरात चौथ्यांदा ॲडमिट. फाइलवर लिहिलेलं होतं: इन्हेलरमधून जास्त मात्रेचं स्टिरॉइड चालू, तरी वारंवार अटॅक, तीव्र दमा. महागड्या तपासण्यांची यादी तयार होती. माझ्याकडे शिकलेली एक सिस्टर सकाळी त्यांच्या खाटेवर बसली आणि म्हणाली, "मावशी, घरचं औषध आणलंय का? दाखवा बघू, पंप कसा घेता?"

मावशींनी उशाखालची कापडी पिशवी काढली. त्यातून पारदर्शक कॅप्सूलची डबी काढली. एक कॅप्सूल तळहातावर घेतली, तोंडात टाकली आणि वर दोन घोट पाणी प्यायल्या.

"आणि हे काय?" सिस्टरने पिशवीतलं रोटाहेलर वर काढलं. त्यावरचं प्लास्टिकही निघालेलं नव्हतं.

"ते मेडिकलवाल्यानं संगं दिलं हुतं. त्याचं काय करायचं ते कुणी सांगितलंच न्हाई."

दीड वर्षं ही बाई फुप्फुसांत ओढायची पावडर पोटात गिळत होती. चार वेळा ॲडमिट झाली, चारही वेळा घरी जाताना कागदावर "इन्हेलर चालू ठेवा" असं लिहून मिळालं, आणि एकदाही कुणी तिला ते घेऊन दाखवायला सांगितलं नाही. यात मी कुणा एकाला दोष देत नाही. राउंडला पन्नास पेशंट असतात, डिस्चार्जच्या वेळी बस गाठायची घाई असते. पण "कसा घेता" असं विचारणं आणि "घेऊन दाखवा" असं म्हणणं यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर नेहमी "बरोबर घेते" असंच येतं.

कॅप्सूल गिळणं हे टोकाचं उदाहरण वाटेल, पण आमच्या वॉर्डांत ते दुर्मिळ नाही. त्याहून बारीक चुका तर घरोघरी. दम्याच्या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणारी 'जीना' ही आंतरराष्ट्रीय संस्था सांगते, की ७० ते ८० टक्के पेशंटना इन्हेलर नीट वापरता येत नाही. याचं एक कारण उपकरणांतच दडलंय. फुस्स करून फवारा सोडणाऱ्या पंपाचा श्वास हळू आणि लांब घ्यायचा असतो. पावडरच्या उपकरणाचा जोरात आणि एका झटक्यात. दोन्ही उपकरणं एकाच पेशंटला दिली, तर दोन्ही एकाच पद्धतीने ओढली जातात आणि एक वाया जातं. फवाऱ्याचा पंप हलवून घ्यायचा, आधी श्वास पूर्ण सोडायचा, ओठ घट्ट मिटायचे, दाबणं आणि ओढणं एकाच वेळी सुरू करायचं, मग दहा आकडे मोजेपर्यंत श्वास धरायचा. हे जमत नसेल तर पंप आणि तोंड यांच्यामध्ये स्पेसर, म्हणजे एक पोकळ नळी, लावायची. म्हातारा थरथरता हात असेल तर हटकून लावायची. स्टिरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरून गुळणी करून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते, आवाज बसतो, आणि मग पेशंट "पंप गरम पडला" म्हणून तो बंद करतो. शिकवणं एकदा करून भागत नाही. महिना-दीड महिन्यात हात पुन्हा जुन्या सवयीवर जातो, म्हणून दर भेटीला "दाखवा बघू".

इथे तीव्र दमा या शब्दाचा अर्थ नीट सांगायला हवा. ज्याला फार त्रास होतो तो तीव्र दमा, अशी त्याची व्याख्या नाही. जास्त मात्रेचं इनहेल्ड स्टिरॉइड आणि सोबत लांब पल्ल्याचं श्वासनलिका उघडणारं औषध, हे योग्य पद्धतीने, रोज, न चुकता घेऊनही, आणि दमा भडकवणारी इतर कारणं दूर करूनही जो आटोक्यात येत नाही, किंवा मात्रा कमी करताच उसळतो, तो तीव्र दमा. म्हणजे "योग्य पद्धतीने" आणि "न चुकता" हे दोन शब्द तपासल्याशिवाय हे नाव देताच येत नाही. नेदरलँड्समधल्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ही गाळणी लावली गेली. दमा असलेल्या शंभर प्रौढांतले सतराएक आटोक्यात यायला कठीण होते. त्यांतून पंपाची चुकीची पद्धत आणि चुकवलेले डोस बाजूला काढले, तर खरा तीव्र दमा उरला जेमतेम चार जणांना. मधले जे तेरा, ते प्रामुख्याने परिचारिकेच्या टेबलावर सुटतात. उरलेल्या चौघांनाही तिची गरज असतेच, त्याविषयी पुढे.

आपल्या देशासाठी हे नुसतं शास्त्रार्थाचं प्रकरण नाही. ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज या अभ्यासमालेच्या २०१९ च्या अंदाजानुसार भारतात दम्याचे सुमारे ३ कोटी ४० लाख रुग्ण आहेत. जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के आपल्याकडे, आणि दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४२ टक्क्यांहून जास्त आपल्याकडे. या दोन आकड्यांमधल्या अंतरात कितीतरी माणसं आहेत, ज्यांच्यापर्यंत रोजचं प्रतिबंधक औषध पोचलं नाही, किंवा हातात पोचलं पण फुप्फुसांत पोचलं नाही.

जिथे उपचार सहज मिळतात आणि डॉक्टर जवळ, तिथेही हे घडतं. ब्रिटनमध्ये दम्याच्या १९५ मृत्यूंची बारकाईने चौकशी झाली आणि तिचा अहवाल २०१४ साली आला. ४५ टक्के माणसं वैद्यकीय मदत न मागता, किंवा ती मिळण्याआधीच गेली होती. अटॅक आला तर काय करायचं याचा लेखी कागद मिळाल्याची नोंद फक्त २३ टक्क्यांच्या बाबतीत सापडली. आणि ज्यांच्या पंपांचा हिशेब लागला, त्यांतल्या ३९ टक्के लोकांनी मृत्यूआधीच्या वर्षात तात्पुरता आराम देणारे बारापेक्षा जास्त पंप नेले होते. हा शेवटचा आकडा मी विद्यार्थिनींना फळ्यावर लिहून देते. महिन्याला असा एक आराम देणारा निळा पंप संपवणारा पेशंट "मला बरं वाटतं, मी भरपूर औषध घेतो" असं समाधानाने सांगत असतो. श्वासनलिका तेवढ्यापुरती उघडते, आतली सूज तशीच वाढत राहते. म्हणूनच 'जीना'ने २०१९ पासून नुसत्या आराम देणाऱ्या पंपावर प्रौढांचा दमा सांभाळू नये असं सांगितलं. वर्षात किती पंप विकत घेतले, हा प्रश्न सिस्टरने विचारायचा असतो. तो छातीच्या एक्स-रेपेक्षा जास्त सांगून जातो.

स्टिरॉइड हा शब्द ऐकला की आपल्याकडे घर हादरतं. "पंपाची सवय लागते", "पंप म्हणजे शेवटचा उपाय", ही वाक्यं मी प्राध्यापकांपासून पोलिसांपर्यंत सगळ्यांच्या तोंडून ऐकलीत. आणि तीच माणसं दम लागला की कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घेतात किंवा मेडिकलमधून छोट्या पांढऱ्या गोळ्या आणतात. त्या गोळ्यांनी दोन दिवसांत जादू होते, भूक लागते, अंगात उत्साह येतो. त्या स्टिरॉइडच्याच असतात, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. अशा वेळी वाद न घालता मी कागदावर हिशेब मांडते. पंपाचा एक डोस २०० मायक्रोग्रॅम. अटॅकमधल्या गोळ्या दिवसाला ४० मिलिग्रॅम, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम. दोनशे पट. पंपाचं औषध जिथे सूज आहे तिथेच बहुतांशी पडतं, गोळीचं अंगभर फिरतं. आयुष्यात अशा गोळ्यांचे चार-पाच कोर्स झाले, तरी हाडं ठिसूळ होणं, साखर वाढणं, मोतीबिंदू यांचा धोका वाढतो, असं आता दिसून आलंय. हा हिशेब बघितल्यावर बहुतेक माणसं गप्प होतात, आणि मग प्रामाणिक प्रश्न विचारायला लागतात. ज्यांनी महिनोन्‌महिने गोळ्या घेतल्यात, त्यांना मात्र "उद्यापासून बंद करा" असं सांगायचं नाही. शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं विसरलेलं असतं. एकदम थांबवलं तर माणूस कोसळतो. मात्रा डॉक्टर पायरीपायरीने उतरवतात. त्या काळात थकवा, चक्कर, उलट्या यांवर नजर ठेवायचं काम सिस्टरचं.

औषध रोज घेतलं जातं का, हे विचारण्याचीही एक रीत आहे. "रोज घेता ना?" या प्रश्नाला "हो" हेच उत्तर ठरलेलं. "आठवड्यातनं किती दिवस राहून जातं?" असं विचारलं, की माणूस सैलावतो. मग खरं बाहेर येतं. महिन्याचा पंप दोन महिने पुरवायचा म्हणून एक दिवसाआड घेतला जातो. सासूसमोर घ्यायचा नाही म्हणून नवी सून मोरीत जाऊन घेते. लग्न जमेपर्यंत मुलीच्या हातात पंप दिसू नये म्हणून आईनेच कपाटात टाकलेला असतो. हे डॉक्टरांच्या टेबलावर फारसं बोललं जात नाही. सिस्टर बीपीचा पट्टा गुंडाळताना बोललं जातं. कारण पैशाचं असेल तर स्वस्त जेनेरिक पर्याय आहे का ते डॉक्टरांना विचारायचं; कारण लाजेचं असेल तर नवऱ्याला एकदा सोबत आणायला सांगायचं.

मग घर. बसल्या जागेवरून सिस्टर पेशंटच्या घरात फिरून येते. स्वयंपाक चुलीवर की गॅसवर, भिंतीला पावसाळ्यात ओल येते का, गोधड्या उन्हात कधी घातल्या, रात्री डासांची कॉइल लावता का. बंद खोलीत जळणाऱ्या एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात, असं २००३ सालच्या एका अभ्यासात मोजलं गेलंय. हे ऐकून एका काकांनी तिथल्या तिथे मुलाला फोन लावून मच्छरदाणी आणायला सांगितली. कामाचं ठिकाण तर विसरायचंच नाही: बेकरीतलं पीठ, गाड्यांच्या रंगाचा फवारा, मळणी यंत्राची धूळ, बांधावरचं गाजर गवत. आणि एक प्रश्न जो हमखास राहून जातो, "डोळ्यात कसले थेंब घालता का?" काचबिंदूसाठीच्या टिमोलॉलच्या थेंबांनी दमा जिवावर उठू शकतो. डोळ्यांच्या डॉक्टरांना दमा माहीत नसतो, छातीच्या डॉक्टरांना थेंब माहीत नसतात. अंगदुखीच्या काही गोळ्यांचंही तसंच. काहींना ॲस्पिरिनच्या जातीची गोळी घेतली की तासा-दोन तासांत नाक वाहून छाती भरते.

कोजागिरीच्या रात्री खिरीतून दम्याचं औषध देणारे पुष्कळ आहेत. मृग लागला की हैदराबादला जिवंत माशातून औषध गिळायला आपल्याकडूनही माणसं जातात. मी विद्यार्थिनींना सांगते, हसायचं नाही आणि चिडायचंही नाही. रात्ररात्र उशीला टेकून बसलेला माणूस कुठेही जाईल. "जाऊ नका" म्हटलं की तो पुढच्या वेळी आपल्याला सांगणारच नाही. म्हणायचं ते एवढंच: "पंप चालू ठेवून जा, आणि प्रवासात तो बॅगेत नको, खिशात असू दे."

आता ते चौघे. ज्यांनी सगळं नीट केलं आणि तरी दमा वाकला नाही. त्यांच्यासाठी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत खरोखर नवं काही आलंय. ओमालिझुमॅब अमेरिकेत २००३ मध्ये मंजूर झालं, मग मेपोलिझुमॅब, बेनरालिझुमॅब आणि त्यांची भावंडं. दमा भडकवणाऱ्या साखळीतला एखादाच दुवा ही प्रतिपिंडं पकडतात, म्हणून कुणाला कुठलं लागू पडेल हे रक्तातल्या आयजीई आणि इओसिनोफिल पेशींवरून ठरवावं लागतं. किंमत अजूनही सामान्य घराच्या आवाक्याबाहेर आहे, आणि हे मला टोचतं.

ओमालिझुमॅबची पावडर विरघळवताना एखाद्या सिस्टरचे हात बघावेत. कुपीत पाणी सोडलं की ती हलवायची नाही, हलवली की फेस होतो. कुपी उभी धरून मनगटाने गोल गोल फिरवायची, मग खाली ठेवायची, पाच मिनिटांनी पुन्हा काही सेकंद फिरवायची. पंधरा-वीस मिनिटं जातात, तेव्हा गाठी विरून द्रव पारदर्शक होतो, काकवीसारखा दाट. सुईतून तो हळू उतरतो. कातडीखाली ढकलायलाही पाच-दहा सेकंद लागतात. त्या वीस मिनिटांत ती पेशंटशी बोलत असते: मागच्या इंजेक्शननंतर रात्री किती वेळा उठलात, जिना चढता आला का, गोळी किती मिलिग्रॅमवर आली. इंजेक्शननंतर लगेच घरी सोडायचं नसतं. पहिल्या तीन वेळा दोन तास, पुढे अर्धा तास डोळ्यांसमोर बसवून ठेवायचं, कारण हजारात एक-दोघांना तीव्र ॲलर्जी येऊ शकते. ॲड्रिनॅलिन ट्रेमध्ये तयार. आणि एक बजावायचं: बरं वाटायला लागलं तरी पंप सोडायचा नाही.

कॅप्सूल गिळणाऱ्या त्या मावशींना डिस्चार्जच्या दिवशी जो कागद मिळाला, तो मला जपून ठेवावासा वाटला. छापील इंग्रजी समरी वेगळी. हा सिस्टरने मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलेला, भिंतीवरच्या कॅलेंडरशेजारी लावण्यासाठी. सोबत पीक फ्लो मीटर, १९५० च्या दशकात मार्टिन राइट यांनी घडवलेल्या यंत्राची छोटी प्लास्टिक आवृत्ती. जोरात फुंकायचं, काटा किती सरकला ते लिहायचं. मावशींचा सगळ्यात चांगल्या दिवसाचा आकडा ३२०. म्हणून २५६ च्या वर हिरवं: नेहमीचं औषध, नेहमीचं काम. १६० ते २५६ पिवळं: डॉक्टरांनी ठरवून दिलेलं वाढीव औषध आजपासून, आणि सिस्टरला फोन. १६० च्या खाली लाल: पंप स्पेसरमधून घेत घेत थेट दवाखाना, मुलगा शेतातून यायची वाट बघायची नाही. शेवटचं वाक्य तिने अधोरेखित केलं होतं, कारण मागच्या खेपेला मावशी तीन तास वाट बघत बसल्या होत्या.

हे सगळं करायला वेगळं माणूस नेमावं लागतं, हे ब्रिटनने १९८० च्या दशकातच ओळखलं आणि दम्याचं खास शिक्षण घेतलेल्या परिचारिकांनी तिथे दवाखाने चालवायला सुरुवात केली. ज्यांचा दमा बऱ्यापैकी आटोक्यात आहे अशांची देखभाल परिचारिकेने केली काय किंवा डॉक्टरांनी केली काय, अटॅकच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडत नाही, असं २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात दिसलं. आपल्याकडे बहुतेक रुग्णालयांत असं पदच नाही. छातीच्या वॉर्डात तयार झालेली मुलगी सहा महिन्यांत फिरतीवर दुसरीकडे जाते आणि शिकवणं पहिल्यापासून सुरू होतं. मी स्वतः एका ठिकाणी आठवड्यातून एक दुपार पंपाच्या तपासणीसाठी मागितली होती, एक टेबल आणि दोन खुर्च्या. "स्टाफ कमी आहे" असं उत्तर आलं. स्टाफ कमी होता हे खरंच होतं. पण वर्षात चार वेळा ॲडमिट होणाऱ्या बाईला किती स्टाफ लागतो, हे कुणी मोजलं नाही.

मावशींना घरी जाताना रोटाहेलरऐवजी वेगळं उपकरण दिलं, कॅप्सूलला सुईने भोकं पाडणारं. त्यात श्वास पुरेशा जोराने ओढला, की कॅप्सूल आतल्या आत गरगरते आणि भुर्र असा आवाज येतो. अटॅकनंतरचा पहिला आठवडा सगळ्यात धोक्याचा, म्हणून चौथ्या दिवशी संध्याकाळी सिस्टरने ड्यूटी संपवून फोन लावला. मी शेजारीच होते. मागे गुरांचा आणि कुणाच्या तरी टीव्हीचा आवाज येत होता.

"मावशी, आत्ताचा डोस घेतला का? नाही ना? मग फोन तोंडाजवळ धरा. कॅप्सूल घातली? बटण दाबलं? आता श्वास पूर्ण सोडा... आणि ओढा."

काहीच ऐकू आलं नाही.

"जरा जोरात, मावशी. ताक ओरपता तसं. त्याच कॅप्सूलवर, परत एकदा."

फोनमधून भुर्र आवाज आला, लांब आणि एकसारखा.